मातीच तं हाये, बाबू

"मातीच तं हाये, बाबू." लुगड्यावर चहा सांडो, चप्पल तुटो, मावशीचं हेच.

तुम्ही नेरच्या स्टँडवर कधी माहा चहा पेला असान, तं तिले पाहिलीच असान. बाकाच्या कोपऱ्यात, पांढऱ्या लुगड्यात, डबल साखरेचा कप घेऊन. चर्चमागच्या खोलीत एकटीच राहे.

माहं शिक्षण म्हणजे शाळेची भिंत, थेही बाहेरून. एका बुधवारी मावशी चर्चमधून आली, तं कपाळावर काळं. मले वाटलं, चुलीची काजळी. मोठ्या मायेनं चहाचं फडकं ओलं केलं अन् खसाखसा पुसून देलं.

"अरे बह्याडा," मावशी म्हणे, "फादरनं लावली होती थे राख. आजपासून चाळीस दिवसाचा उपास. मातीचा माणूस मातीत जाते, ध्यानात राहावं म्हणून लावतात."

"मंग चुलीतली लावून देऊ का? पोतंभर हाये."

बाकावरचे सारे मले हासले. तीही हासली. "राहू दे. पुसली तरी मातीच तं हाये, बाबू."

दर उपासात ती चहा सोडे, पण रोज येऊन बसे. "वासानं उपास मोडत नाही," म्हणे. मी म्हणो, "मावशी, तुमचा देव माह्याच धंद्यावर कायले उठला?"

गेल्या साली मात्र उपासातच म्हणे, "चहा दे."

"अन् उपास?"

"लय आवडते थे सोडा लागते. मले चहापेक्षा रुसवा आवडते. यंदा थो सोडून पाहतो."

रुसवा लहान्या बहिणीवर, पुसदच्या. माय मेली तवा बहीण माती झाल्यावर पोचली होती. "म्हणे गाडी बंद पडली! गाड्या काय मातीच्याच दिवशी बंद पडतात?" तवापासून अबोला.

फोन म्याच लावून देला. मले आकडे कुठचे येतात! पहिले एका मटणवाल्याले लागला. मावशी रडत रडत त्यालेच म्हणे, "कशी हायेस वं?" थो म्हणे, "किती किलो?"

मंग बहिणीले लागला. दोघीही नुसत्या रडल्या. शेवटी मावशी म्हणे, "ईस्टरले ये. डबल साखरेचा चहा पाजतो."

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी उठलीच नाही. बहिणीले फोन केला, थे लगेच निघाली. आम्ही वाट पाहून राह्यलो. पण ऊन असं, की किती थांबान? दिवस बुडाच्या आत माती देली.

दारव्ह्याजवळ गाडी बंद पडली होती.

ईस्टरच्या सकाळी बहीण कबरीवरून सरळ माह्या दुकानी आली. त्याच कोपऱ्यात बसली. मावशीचंच तोंड.

"भाऊ, गाडी खरंच बंद पडली होती," थे म्हणे. मंग हळूच म्हणे, "तवाही."

कबरीवर डोकं टेकलं असन. कपाळावर ओली माती होती. माह्या हातात फडकं होतं. थे खांद्यावर टाकलं.

"कपाळाले काही लागलं का हो?"

म्या कपात डबल साखर टाकली. "नाही बाई," म्हटलं, "काहीच नाही लागलं."