मांडवीला वाळत घातलेले ळ

आत्माराम रत्नागिरीच्या कोर्टात नक्कलनवीस होता. एकवीस वर्षे तो दुसऱ्यांच्या फिर्यादी, कैफियती आणि जबान्या उतरवून काढत आला होता. स्वतःच्या डोक्यातले एक वाक्य लिहायची वेळ काही त्याच्यावर आली नव्हती. ती आणली दोन माडांच्या दाव्याने.

बांधावरचे दोन माड कुणाचे, यावरून दोघे चुलतभाऊ अकरा वर्षे भांडले. साक्षीदारांनी शपथेवर सांगितले, की खड्डा किती खोल खणला, मीठ किती घातले, भुंगा कुठून शिरला. मधल्या काळात दोन्ही माड वादळात पडले, तरी दावा चालूच राहिला. अखेर त्या साडेचारशे पानांची नक्कल पुरी झाली आणि आत्मारामच्या ध्यानात आले, की माडाविषयी आपल्याइतकी माहिती असलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. त्याच्या परसातल्या एकुलत्या माडाने आजवर एक नारळ धरला नव्हता. पण ती गोष्ट त्याने पुराव्यात घेतली नाही.

दिवाळीला लिहायला बसला तो शिमग्याला उठला. पुस्तकाचे नाव ठेवले ‘नारळ-विचार’. मुंबईच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवले. सोबत चिठ्ठी होती: ‘अक्षर अप्रतिम. दुकानांच्या पाट्या रंगवण्याचे काम कराल काय?’

तेव्हा आत्माराम गावातल्याच छापखान्यात गेला. मालक सखारामशेट सज्जन माणूस. त्यांनी पानोपान चाळले, मान डोलावली.

“छापू की. अडचण काहीच नाही. फक्त ळ नाही.”

“ळ नाही म्हणजे?”

“खिळे नाहीत हो, ळचे.” छापखान्यात शिशाच्या अक्षरांना खिळे म्हणत. “गेल्या साली झिजलेले खिळे मोडीत काढले. आमच्या केरूने त्यात ळचा अख्खा खण ओतला. डोळ्यांनी अधू आहे तो. मुंबईहून दोनदा मागवले, दोन्ही वेळेला ल आले.”

“मग तुमचं चालतं कसं?”

“लग्नपत्रिकाच तर असतात. मंगळवारचा मुहूर्त निघाला तर आम्ही बुधवारचा काढायला सांगतो.”

केरू जुळारी कोपऱ्यात खिळे जुळवत होता. मान वर न करता तो म्हणाला, “ळ सोडून लिवा ना. भाषेत इतकी अक्षरं हायत.”

आत्मारामला हे पटले, हीच त्याची चूक. कोर्टात साहेब म्हणतील तसे उतरवायची सवय. छापखान्यातही तेच केले. घरी येऊन तो ळ काढायला बसला. नारळाचे श्रीफल झाले. इथवर ठीक होते. पण शहाळ्यात ळ, झावळीत ळ, बुंध्याच्या आळ्यात ळ, अळीत ळ, मुळात तर ळ होताच. झावळीला तो ‘माडाचे लांब पान’ म्हणू लागला आणि मुळांना ‘जमिनीतील दोरे’. काळ्या भुंग्यापाशी दोन दिवस अडला. कोळशासारखा म्हणावे तरी ळ. शेवटी ‘अमावस्येच्या रंगाचा भुंगा’ असे लिहून मोकळा झाला.

त्याची बायको तुळसा मराठी तिसरी शिकलेली. तिने चार पाने वाचली आणि कागद खाली ठेवले.

“अहो, हे कुणाच्या बाराव्याला वाचायचं आहे?”

“माडाची लागवड आहे ती.”

“असेल. आणि मला काय म्हणणार आहात, पुस्तकात? तुलसा?”

त्याने अर्पणपत्रिकेचे पान हळूच गठ्ठ्याखाली सरकवले; तिथे तसेच लिहिले होते.

त्यानंतर आठेक दिवसांनी तुळसा मांडवीला बांगडे आणायला गेली ती बांगडे न घेताच परतली. पदराने तोंड पुसत म्हणाली, “उठा. तुमचे ळ मांडवीला वाळत घातलेत.”

खरेच घातले होते. लवू नावाच्या मच्छीमाराने ते मोडीतले शिसे विकत घेतले होते. झिजलेले खिळे वितळवून त्याने गोळे केले, पण ळचे नवेकोरे खिळे एकसारखे निघाले, म्हणून ते तसेच जाळ्याच्या खालच्या दोरीला वजनाला बांधले. किनाऱ्यावर जाळे पसरले होते आणि त्याच्या कडेने हाताहाताच्या अंतरावर एकेक ळ उन्हात चकाकत होता. आत्माराम गुडघ्यावर बसून एकेक खिळा वाचत पुढे सरकू लागला. लोकांना वाटले, नवस असेल.

लवू म्हणाला, “द्यायाचा नाय. ही शिसं बांदल्यापासून जालं कसं सरल बसतं. म्हावरा बाजूनं निसटत नाय.”

“पण ही अक्षरं आहेत हो!”

“असतील. मासा काय वाचतो?”

आत्मारामने त्याला पुस्तक समजावून सांगितले. अर्धे प्रकरण तिथेच म्हणून दाखवले. लवूला त्यात गोडी वाटली नाही, पण तुळसा मध्ये पडली. पावसात समुद्र बंद, जाळे नुसते घरात पडून; तेवढे दिवस दिलेत तर काय बिघडते? लवूने डोके खाजवले. नारळी पौर्णिमेला होडी लोटायची, त्याच्या आदल्या दिवशी सगळे खिळे परत, आणि धुऊन. शाईचा वास राहिला तर मासा फिरकणार नाही. एवढ्या बोलीवर तो कबूल झाला.

आत्मारामने पहिला, ळवाला मजकूर पुन्हा बाहेर काढला आणि ज्येष्ठात छपाई सुरू झाली. सोळा पाने जुळवायची, छापायची, खिळे सोडवून पुढच्या सोळा पानांना घ्यायचे. पावसाने कागद फुगला, केरूला ताप आला, तो उतरला तर यंत्राचा पट्टा तुटला. दर रविवारी लवू छत्री घेऊन यायचा आणि बाकावर बसून आपल्या शिशावर नजर ठेवायचा. पौर्णिमेचा आदला दिवस उजाडला तरी शेवटची सोळा पाने राहिलीच होती.

“चार दिवस द्या,” सखारामशेटनी हात जोडले.

“मी दिले असते. समुद्र देल काय?” लवू म्हणाला, आणि खिळे हुंगून, पिशवीत घालून निघून गेला.

केरूने आत्मारामकडे पाहिले. “ल घालू? ढीगभर हायत. दिसायला भावंडंच.”

आत्मारामला तोवर नाही म्हणायचे त्राण उरले नव्हते. शेवटचे प्रकरण लने छापले. मात्र लेखकाचे मन खाऊ लागले, म्हणून शुद्धिपत्र जोडायचे ठरले. तेही त्याच छापखान्यात छापले. त्यावर आले: ‘शेवटच्या प्रकरणात जेथे चुकून ल पडला आहे, तेथे ल वाचावा.’

पुस्तक निघाले. कोर्टातल्या मंडळींनी पुठ्ठ्याचे कौतुक केले. पुढे पाच महिने त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आत्माराम पुन्हा नकला करू लागला आणि तुळसाने उरलेल्या प्रती तांदळाच्या कणगीशेजारी रचून ठेवल्या.

माघात एके सकाळी अंगणात एक माणूस उभा राहिला. नाव रघू, बुरोंडीचा. होडीने आला होता. काखेत फडक्यात बांधलेले पुस्तक.

“ह्ये लिवणारे कुठं हायत?”

“मीच.”

रघूने त्याला नीट न्याहाळले. “जित्ते हाव? आमाला वाटलं, पुस्तकवाले मेलेले असतात.”

तुळसाने त्याला चहा दिला. तो उकिडवा बसून सांगू लागला. मेव्हण्याने पुस्तक अख्खे वाचून दाखवले होते. आधीची पाने शहरातल्या लोकांच्या नारळाची, ती काही त्यांच्या कामाची नव्हती. “पण शेवटाला तुमी आमच्या नारलाचं लिवलाव. आमच्या बोलीत. आमच्या नारलाचं आजून कुनी लिवलं नव्हतं, सायेब. माजा येक माड धरायचा बंद जालाय. येऊन बगा.”

शुद्धिपत्राची गोष्ट आत्मारामच्या ओठांपर्यंत आली होती. ती त्याने चहाबरोबर गिळली आणि नोकरीत पहिल्यांदा रजेचा अर्ज लिहिला.

बुरोंडीला वाडीच्या कडेला तो माड होता, उंच, निरोगी, एकही फळ नसलेला. दहाबारा माणसे जमली. आत्मारामने खोडाला हात लावला. खोड खरबरीत होते. साक्षीदारांनी सांगितले ते सगळे त्याने विचारले: मीठ, खत, भुंगा. सगळे जागच्या जागी होते.

“पाणी कोण घालतं?”

“आई घालायची. भादव्यात गेली. तवापासून मी घालतो.”

असे कुठल्याच जबानीत आले नव्हते. आत्माराम बुंध्याशी मांडी घालून बसला, खिशातून कागद आणि पेन्सिल काढली.

“आई कसं घालायची ते सांगा.”

रघूने लोकांकडे पाहिले, मग माडाकडे.

“आधी हात लावून बगायची, उनातला तापलाय काय. मग म्हनायची, थांब रे, आले. मग विहिरीवर जायाची.”

“सावकाश,” आत्माराम म्हणाला आणि लिहू लागला.