आधी तुम्ही जेवा

शालनताई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आजाऱ्याकडे न जाता आधी स्वयंपाकघरात डोकावत आणि विचारत, "तुमच्यात जेवायची रीत कशी हाय?" औषधांची चौकशी त्यानंतर.

त्या पेठ गावच्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन सेवा करणं हे त्यांचं काम. जुन्नरला त्या एका मुसलमान चाचींकडे होत्या. डॉक्टरांनी रोजा धरू दिला नाही म्हणून चाची रडायच्या, तेव्हा रमजानभर त्या घरात ताईंनी दिवसा पाण्याचा घोटही घेतला नाही. "त्यांच्या वाटचा मीच धरला. चाची म्हनली, शालन, तू तो पागल है," असं सांगून त्या हसत.

महाळुंगे पडवळला आमच्याकडे त्या आल्या, तेव्हा आई नुकतीच पडून खाटेला खिळली होती. घरात मी एकटा. वाचनालयातल्या नोकरीतून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा.

आईनं विचारलं, "कुठली गं तू?"

"पेठची. बौद्ध हाय मी."

त्या दुपारी आईनं घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही "भूक न्हाई" एवढंच. चहाच्या घोटांवर ती वाळत चालली. माझ्या मनात आलं ते ताईंनीच बोलून दाखवलं.

"भाऊ, माझ्या हातचं नगं असंल त्यांना. तुमी भरवा. मला सवय हाय त्याची."

मी वाटी घेऊन बसलो. आईनं माझ्याही हातचं घेतलं नाही. ताई दारातून म्हणाल्या, "चला, म्हंजी आपल्या दोघांवरबी रुसल्यात."

मग एका दुपारी ताईंची चूक झाली. माझं ताट विसळून पालथं घातलेलं दिसलं, म्हणून त्या सहज आईला म्हणाल्या, "भाऊ जेवले बरं का, आई." आणि आईनं तोंड उघडलं. वाटीभर मऊ भात खाल्ला.

घरातला पुरुष जेवल्याशिवाय आईनं जन्मात घास घेतला नव्हता. आणि मी पुस्तकात डोकं घालून दुपार कलल्यावर कधीतरी जेवणारा. वाटी घेऊन बाहेर आलेल्या ताईंनी मला वाचताना पाहिलं.

"तुमी जेवलाच न्हाई? खोटं बोलून भरवलं की मी!"

"रोज तसंच सांगत जा," मी म्हणालो.

"लई हुशार! आजारी मानसाला फसवून घास नाय भरवायचा. उद्यापास्नं आदी तुमी जेवा. त्यांच्या म्होरं बसून."

तेव्हापासून मी खाटेजवळ बसून जेवू लागलो. आई माझ्या ताटाकडे बघत राही. ते रिकामं झालं की ताईंच्या हातून जेवे. एकदा तिनं ताईंना विचारलं, "तू कवा जेवनार गं?"

"तुमचं झाल्यावर."

"मंग बिगीबिगी भरव की!"

आई गेली. ताई गावात दुसऱ्या एका घरी येत. जाता-येता आमच्या दारातून विचारत, "भाऊ, जेवला का?" आत न येता, उत्तर ऐकून पुढं जात. पुढे पुढे दिवसभरात तेवढंच काय ते कुणी माझ्याशी बोले.

यंदा त्यांचं येणं थांबलं. आजारी आहेत असं कळलं, तेव्हा पेठला गेलो. त्यांची सून म्हणाली, "कालपास्नं कायच घेत न्हाईत." ताईंनी डोळे उघडले. मला ओळखलं.

"भाऊ, जेवला का?"

सुनेनं त्यांच्या मागून मला खूण केली, हो म्हणा.

"नाही," मी म्हणालो.

ताई सुनेकडे बघत राहिल्या. तिनं ताट वाढलं. ताईंच्या उशाशी बसून मी भाकरी-कालवण खाल्लं. ताट संपवलं. मग त्यांनी सुनेच्या हातून दोन चमचे पेज घेतली. आमची ती शेवटची भेट.

आता मी दुपारी वेळेवर ताट वाढून घेतो. आईच्या रिकाम्या खाटेसमोर बसतो. सावकाश जेवतो. माझ्या जेवणासाठी खोळंबलेलं आता कुणी नाही.