जाळीची खालची तार

टेलरबाईंच्या कोंबड्या मुळात टेलरबाईंच्या नव्हत्याच, त्या त्यांच्या ताईच्या. दोघी बहिणी बिनलग्नाच्या, एकाच घरात अठ्ठावीस वर्षं राहिलेल्या. एक शिवते नि दुसरी उसवते, असं ताईच हसून सांगायची. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर तिने सहा कोंबड्या आणून मागच्या अंगणात सोडल्या, तेव्हा टेलरबाईंनी महिनाभर नाक मुरडलं. कपड्यांना वास लागेल, गिऱ्हाइकं काय म्हणतील? गिऱ्हाइकं काही म्हणाली नाहीत. पुढे दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली. मागे तिचा चष्मा राहिला आणि सहा कोंबड्या. चष्मा कपाटात ठेवून देता आला. कोंबड्यांना मात्र रोज सकाळी उठून सोडावंच लागायचं.

कोंडून ठेवायच्या नाहीत, हा ताईचा नियम. "कोंडलेली कोंबडी अंडं देते, पण आपल्याकडे बघत नाही," असं ती म्हणायची. टेलरबाईंनी तो नियम मोडला नाही. त्यांचं मशीन मागच्या खिडकीशीच होतं. टीप मारता मारता मान वर केली की अंगणभर पायाने माती उकरणाऱ्या सहाजणी दिसायच्या. त्यांच्याशी त्या गिऱ्हाइकांबद्दल बोलायच्या. "ऐकलंस का? पोट सुटलंय ते दिसत नाही, म्हणतो तुमची टेप आखडलीय." कोंबडी मान तिरकी करून एका डोळ्याने बघायची. तेवढं पुरायचं.

माणसांचं बोलणं म्हणजे शेजारच्या फर्निचरवाल्याचं. तो आणि त्याची बायको सकाळी आठला बाहेर पडत. तो वर्कशॉपमध्ये, ती दवाखान्यात, नावं नोंदवायच्या काउंटरवर. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी तारेची जाळी होती. संध्याकाळी तो तिच्यावर कोपरं टेकून विचारायचा, "काय मावशी, आज किती?" टेलरबाई दोन-तीन अंडी द्यायच्या. तो कुठल्या कपाटाचं दार वाकडं निघालं ते सांगायचा आणि जायचा. पाच मिनिटं, पण त्या पाच मिनिटांसाठी त्या चारपासून केस नीट करून बसायच्या.

त्याचे दोन कुत्रे, एक काळा, एक तांबडा, दिवसभर अंगणात मोकळे. घर रिकामं झालं की भुंकायला सुरुवात. टेलरबाईंनी पहिल्यांदा मऊ कवचाचं एक अंडं जाळीपलीकडे टाकलं ते निव्वळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघेही न भुंकता जाळीशी येऊन बसले होते. म्हणजे वाटच बघत होते. आपली वाट कुणी बघतंय, ही गोष्ट टेलरबाईंच्या आयुष्यात बऱ्याच दिवसांत घडली नव्हती.

वरून टाकलेलं अंडं फुटायचं, निम्मं मातीत जायचं. म्हणून त्यांनी पकडीने कोपऱ्यातली खालची तार सोडवली. आधी नाक आलं, मग डोकं, मग एके दिवशी अख्खा तांबडाच आत आला. कोंबड्यांनी आकांत केला. टेलरबाईंनी त्याला दरडावून स्टुलापाशी बसवलं, तसा तो त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला. त्या दुपारी त्यांनी तीन पँटींच्या तुरपाया एका बैठकीत संपवल्या, पाय न हलवता. पुढे रोजचंच झालं. कोंबड्याही सरावल्या. तासाभराने त्याला परत पाठवून त्या तार बांधून टाकायच्या. आता दुसरं कुणी असतं तर सुतळी घेतली असती, तारेचा तुकडा घेतला असता. टेलरबाईंच्या हाताशी होतं इलॅस्टिक. रोज सोडायला, रोज बांधायला सोपं.

गुरुवारी त्या दोरे आणायला बाजारात गेल्या आणि परतायला तीन वाजले. गल्लीतच त्यांना कोंबड्यांचा आवाज ऐकू आला नाही.

अंगणभर पिसं होती. दोघी मेल्या होत्या, तिसरी पंख ओढत खुराड्याखाली शिरली होती. काळा आपल्या अंगणात शहाण्यासारखा बसला होता. तांबडा मात्र तोंडाला पिसं चिकटलेली, शेपटी हलवत त्यांच्याकडे धावत आला. त्यांनी त्याला चप्पल फेकून मारली. मग वाकून पहिलं काम काय केलं असेल, तर जाळीला लोंबणारं इलॅस्टिक काढून खिशात घातलं. रडल्या त्या त्यानंतर.

संध्याकाळी नवरा-बायको जाळीशी उभे राहिले. त्याला कुठे बघावं कळत नव्हतं.

"खालून उचकटलंय यांनी, मावशी. मला फार वाईट वाटतंय."

"असेल," टेलरबाई म्हणाल्या.

"मी याला महिनाभर सांगतेय," बायको म्हणाली, "तांबड्याचं लक्षण ठीक नाही. बघावं तेव्हा त्याच कोपऱ्यात!"

"एकदा चव लागली की संपलं. माझ्या ओळखीच्या एकाचं गोदाम आहे, त्याला राखणीला कुत्रा हवाच आहे. रविवारी पोचवतो."

"मोकळा असेल ना तिथे?" टेलरबाईंनी विचारलं.

"गोदामावर कसला मोकळा? साखळीला."

शुक्रवारी टेलरबाईंनी एका शर्टाची डावी बाही उजवीकडे जोडली. उसवली, पुन्हा तीच डावीकडची उजवीकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशातली गत. संन्याशाच्या तोंडाला पिसं होती हे खरं, पण त्याला आत कुणी घेतलं होतं? बोलावं, तर संध्याकाळचं ते "काय मावशी" कायमचं बंद होणार. शेजारी आहेत, माफ करतील, पण जाळीवर कोपरं टेकायला पुन्हा येणार नाहीत. न बोलावं, तर तो जन्मभर साखळीला. पलीकडे तांबड्याला आतापासूनच बांधून घातलं होतं. तो भुंकत नव्हता, त्याचंच त्यांना जास्त ऐकू येत होतं.

शनिवारी संध्याकाळी त्या जाळीशी गेल्या नाहीत. रस्त्याने वळसा घालून शेजारच्या पुढच्या दारी गेल्या आणि बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत गेल्यावर खिशातून इलॅस्टिक काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"जाळी याने बांधलेली होती. सोडायची मीच."

त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग बायको म्हणाली, "म्हणजे आमच्या माघारी तुम्ही रोज त्याला कच्ची अंडी घालत होतात? त्याचं पोट बिघडतंय म्हणून मी दोनदा डॉक्टरकडे नेलं त्याला! सुट्टी टाकून!"

"आणि इलॅस्टिक, मावशी?" फर्निचरवाल्याला हसू आवरेना. "कुत्रा आहे तो, पायजमा नाही."

"तुला हसू येतंय?" बायको कडाडली. मग टेलरबाईंकडे वळली. "आम्हाला एका शब्दाने सांगायचंत तरी."

"काय सांगणार होते गं?" टेलरबाई म्हणाल्या.

 बायकोचा आवाज थोडा खाली आला, पण मऊ झाला नाही. "तांबडा कुठे जात नाही. पण ही जाळी आता नको. उद्याच फळ्या ठोक तू. सहा फूट."

रविवारी सकाळी तो फळ्या घेऊन टेलरबाईंच्या अंगणात आला. जखमी कोंबडीसकट चौघींना त्यांनी खुराड्यात बंद केलं आणि स्क्रूंची डबी हातात घेऊन त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. तो हात पुढे करायचा, त्या स्क्रू द्यायच्या. दुपारपर्यंत त्याने आपल्या वडिलांचं, वर्कशॉपच्या मालकाचं, बायकोच्या बदलीच्या अर्जाचं, सगळं सांगितलं. त्यांनी ताईबद्दल सांगितलं. इतकं बोलणं त्या जाळीवरून सगळं मिळूनही झालं नसेल. एकेक फळी लागत गेली तसं पलीकडचं अंगण कमी होत गेलं. आधी वाळत घातलेले कपडे गेले, मग मागचं दार, मग दोन कुत्रे.

शेवटच्या फळीला तो थांबला. "थोडी फट ठेवू का? हवेला?"

"फट नको," पलीकडून बायकोचा आवाज आला. "पंजा घालेल तो."

"नको ठेवू," टेलरबाई म्हणाल्या. "तिचं बरोबर आहे."

त्याने फळी बसवली, ड्रिल मशीन पिशवीत घातलं, कपडे झटकले. टेलरबाई कुंपणाच्या एका टोकाला गेल्या आणि प्रत्येक फळी तळव्याने दाबून बघू लागल्या. चौथ्या फळीशी थांबल्या.

"ही हलतेय बघ जरा."

त्याने येऊन दाबून पाहिलं. फळी दगडासारखी घट्ट होती. त्याने मशीन पुन्हा बाहेर काढलं आणि स्क्रूसाठी हात पुढे केला.

"पुढचीही बघून घे," टेलरबाई म्हणाल्या.

"बघतो की."