अर्जुना पाणबुड्याचा फॉर्म

आमच्या पाणीपुरवठा संस्थेचा मी बावीस वर्षं सेक्रेटरी आहे. पलूस तालुक्यातल्या सहाशे एकर उसाला आमची स्कीम नदीचं पाणी देते आणि ते पाणी अर्जुनाच्या जिवावर येतं, हे कुठल्याही वार्षिक अहवालात आलेलं नाही. अहवाल मीच लिहितो.

कृष्णेच्या काठाला आमची जॅकवेल आहे, म्हणजे नदीचं पाणी आत घेणारी चाळीस फूट खोल विहीर. तिच्या तळाशी पाइपाच्या तोंडाला फुटव्हॉल असतो, म्हणजे पाणी वर ओढून घेणारी जाळीची झडप. त्यात गाळ, चिंध्या, प्लास्टिक अडकलं की मोटर नुसती घरघरते आणि वर थेंब येत नाही. मग अर्जुनाला निरोप जातो. तो कमरेला दोर बांधतो, दोराचं दुसरं टोक त्याची बायको रंगुबाई धरते आणि तो दम कोंडून खाली जातो. त्या गढूळ पाण्यात डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. तीस वर्षं त्यानं सगळं काम हातानं चाचपून केलं.

मूळचा तो कवठे महांकाळकडचा. त्याच्या घरची माणसं दरसाल मेंढरं घेऊन आमच्या शिवारात बसायला यायची. एकदा लालासाहेबांच्या विहिरीत कोकरू पडलं. ह्यानं काठावरून उडी टाकली आणि कोकरासकट वर आला. पोहायला कुठं शिकलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आत्ताच की." लालासाहेबांनी त्याला ठेवूनच घेतला.

हे लालासाहेब आता संस्थेचे चेअरमन आहेत. गेल्या दिवाळीत कुणा पाहुण्याच्या पोरीनं अंदमानचा व्हिडिओ पाठवला. निळं पाणी, प्रवाळाचे खडक, त्यातून फिरणारे रंगीबेरंगी मासे आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेली ही पोरगी. चेअरमनांनी ठरवलं, आपणही जायचं. सहा जागा धरल्या. ते स्वतः, व्हाइस-चेअरमन नानासो, आणखी दोन संचालक आणि कागदपत्रांसाठी मी. पण पाण्याच्या नावानं सगळ्यांचीच तंतरलेली. म्हणून सहावा अर्जुना.

"तू असलास की धीर असतो रं," लालासाहेब म्हणाले.

अर्जुनानं एकच विचारलं, "खाली दिसतं?"

"लय दिसतं. तळातला खडान् खडा दिसतो."

त्या दिवसापासून गडी पार बदलला. खरं नियोजन त्यानंच केलं. आम्ही फक्त हॉटेलात मटण मिळेल का याची चौकशी केली. अंदमानच्या कंपनीतल्या बाई व्हिडिओ कॉलवर आल्या, तेव्हा ह्यानं मला मध्ये घालून त्यांना विचारलं, पाण्याची ओढ कुठल्या अंगाला असते, तळ वाळूचा का खडकाचा. बाईंनी सांगितलं की पौर्णिमा-अमावास्येला भरतीचा जोर जास्त. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माघातल्या अष्टमीवर खूण केली. बुडी मारल्यावर एक अख्खा दिवस विमानात बसायचं नाही, हेही त्याच्याच लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवशी बुडी, चौथ्या दिवशी विमान, असं त्यानं बोटांवर मोजून दिलं.

बाईंचा पहिला नियम होता, खाली श्वास कधीही कोंडायचा नाही, घेत-सोडत राहायचं. ज्यानं जन्मभर तेवढंच केलं, त्याला हे शिकायचं होतं. महिनाभर तो दारात बसून नाक दाबून तोंडानं श्वास घेत होता. रंगुबाई वैतागायची, "आवं, माणसं हसत्यात." माणसं हसायचीच. मीही हसलो.

पाण्यातले चष्मे मागवले आणि लालासाहेबांच्या विहिरीत सराव ठेवला. थंडीतलं पाणी नितळ होतं. अर्जुना चष्मा लावून खाली गेला, वर आला आणि मला म्हणाला, "भाऊसाहेब, माझा हात दिसला." मग नानासोंना सांगितलं. मग परत मला सांगितलं. पन्नाशीच्या माणसाला स्वतःचा हात दिसल्याचा एवढा आनंद होतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

जायच्या पंधरा दिवस आधी लालासाहेब ऑफिसात येऊन म्हणाले, "आमचा मेव्हणा उदयसिंह बी यायचं म्हणतोय. कराडला त्यानं सगळ्यास्नी सांगून ठेवलंय. जागा तर सहाच. बघा जरा." एवढंच बोलले. त्यांचं 'बघा जरा' मला बावीस वर्षांत नीट कळायला लागलं आहे.

दोन दिवसांनी तब्येतीचे फॉर्म भरायला सगळे जमले. इंग्रजी प्रश्न वाचून विचारायचं काम माझं. हृदयविकार? लालासाहेबांच्या छातीत दोन स्प्रिंगा आहेत. म्हणाले, "न्हाई लिव्हा." दमा? नानासोंच्या खिशात फवारा होता. त्यांनीही नाही म्हटलं. माझं स्वतःचं बीपी मी न विचारताच 'नाही' केलं. सगळं हसतखेळत चाललं होतं.

मग अर्जुना. कानाचा काही त्रास?

दोन वर्षांपूर्वी जॅकवेलमध्येच त्याच्या कानाचा पडदा फाटला होता. सांगलीला डॉक्टरकडे मीच नेलं. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला साफ मनाई केली. आठव्या दिवशी फुटव्हॉल तुंबला, ऊस वाळायला लागला आणि त्याला बोलावणंही मीच पाठवलं. कानात तेलाचा बोळा घालून तो उतरला. तेव्हा त्याच्या कानाची काळजी कुणालाही वाटली नाही.

अर्जुना माझ्याकडं बघत म्हणाला, "तुमाला म्हाईतच हाय की, भाऊसाहेब. काय लिवायचं ते तुमीच लिवा."

लालासाहेब खिडकीबाहेर बघत होते. मी 'होय' लिहिलं.

कंपनीचा निरोप आला, कानाच्या डॉक्टरांचा दाखला लागेल. असा दाखला देणार कोण? त्याच्या जागी उदयसिंह आला. मी लोकांना सांगत सुटलो की अर्जुनाच्या जिवाला जपलं. खोट्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात एक खरा फॉर्म भरला आणि तो त्याचाच, हे मी कुणाला सांगितलं नाही. तोही चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अष्टमीला समुद्र अगदी त्यानं काढलेल्या हिशेबाप्रमाणे शांत होता. चाळीस फुटांवर मला तळ दिसला, प्रवाळ दिसलं, माझी नखंसुद्धा दिसली. ते इतकं सुंदर होतं की माझी मला किळस आली.

परत आल्यावर चौथ्या दिवशी फुटव्हॉल तुंबला. जॅकवेलच्या काठावर कमरेला दोर बांधता बांधता अर्जुनानं विचारलं, "तळ दिसला का, भाऊसाहेब?"

"न्हाई रं," मी म्हटलं. "पाणी गढूळ होतं. काहीच दिसलं न्हाई."

तो थांबला. "चेअरमननी इडिओ दावला मला. तुमी बी हाय त्यात. माशाकडं बोट करताय."

मी वाकून त्याच्या दोराची गाठ बघायला लागलो.

"खोटं लिवायचं हुतं तवा लिवलं न्हाईसा. आता कशापायी बोलताय?"

मोटर चालू राहिली तर पाइप माणसाचा हात ओढून घेतो, म्हणून उतरण्याआधी दर वेळी तो मला विचारायचा, मोटर बंद आहे ना, आणि मी 'हो' म्हटलं की निघायचा. त्या दिवशी त्यानं मला विचारलं नाही. रंगुबाईला म्हणाला, "तू मोटरघरात जाऊन बटान बघून ये." ती येईपर्यंत तो पाठमोरा उभा राहिला.