सासूबाईंचा चातुर्मासाचा नेम

माझ्या सासूबाईंना मी अठरा दिवस धड झोपू दिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्या पश्चात्तापाची वाट बघत बसायला नको.

आम्ही सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहायचो. माझे मालक गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते आणि त्यांना कायमची दुसरी पाळी लागली होती. दुपारी जायचे, ते मध्यरात्र उलटल्यावर घरी यायचे. आमच्या घरची रीत अशी की नवरा जेवल्याशिवाय बायकोने घास घ्यायचा नाही. ही रीत दिवसपाळीच्या माणसाला ठीक. सासूबाई दिवेलागणीलाच जेवून घ्यायच्या. मी मात्र रात्री साडेबाराला त्यांना दोन गरम भाकऱ्या करून वाढायची आणि उरलेलं आपण खायची. उरलेलं म्हणजे सकाळची वाळलेली भाकरी, तिखट कालवणाचा तळाचा गाळ आणि ठेचा. खाऊन लगेच आडवी व्हायची. की छातीत आग पेटायची, पोट फुगून दगड व्हायचं, आंबट पाणी घशाशी यायचं. डोळा लागतोय तोवर चार वाजता जात्यावर बसायची वेळ. तीन मुलं, त्यातलं धाकटं अंगावर पिणारं. माझं पोट बिघडलं की तेही कळवळायचं, हा माझा तेव्हाचा अनुभव.

मला सगळं मांडून ठेवायची सवय आहे. चौथी शिकलेली, म्हणून चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने खुणा करायची. जितके वाजता जेवले तितक्या उभ्या रेघा, झोपेच्या दर तासाला एक आडवी. दोन महिन्यांत दोनाच्या वर आडव्या रेघा कधी गेल्या नाहीत. मग मी आठ दिवस माहेरी जेऊरला गेले. तिथे दिवेलागणीला जेवण, मऊ भाकरी, ताक, आणि आईची ज्वारीची आंबील. तिसऱ्या दिवशी मी सलग सहा तास झोपले. मूलही झोपलं. परत आले, पहिल्याच रात्री पुन्हा आग. एवढा पुरावा मला पुरे होता.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ह्यांच्याबरोबर डबा देते. गिरणीत सातला जेवणाची सुट्टी असते. ते तिकडं जेवतील, आपण इकडं."

"गिरणीत कुणाकुणाचा हात लागतो डब्याला! माझा ल्योक पाटावर बसूनच जेवणार."

"पण मला झोप येत न्हाय, पोटात जळतंय."

"तुला झोप येत न्हाय?" त्या हसल्या. "दिवसा तर चुलीपुढं डुलतीस की."

डुलत होते, हे खरं. त्याच आठवड्यात धाकटीला पाजता पाजता माझा डोळा लागला. पोर मांडीवरून घसरून चुलीकडे गेलं. ओढताना माझा तळवा तव्याला लागला. पोर वाचलं. सासूबाईंनी पाण्याच्या नळावर चाळभर सांगितलं, "सुनेला झोपेचं याड हाय. पोर भाजून मारायची हाय ही." आठ दिवस बायका माझ्याकडे बघून पोरं जवळ ओढून घ्यायच्या.

मालक ऐकून पाळीवर निघून गेले. त्यांनी आयुष्यभर तेच केलं.

आषाढात चाळीजवळच्या देवळात पुराण सुरू झालं. चातुर्मासाचा नेम धरायचा तो तिथेच, सगळ्यांदेखत, पळीभर पाणी ताम्हनात सोडून. कुणी वांगं सोडलं, कुणी मीठ. बोलता बोलता एका काकूंनी माझ्या भाजलेल्या तळव्याची विचारपूस केली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आजकालच्या सुना नाजूक! आमी न्हाय का केलं? मालक येईस्तवर पाणी पीत न्हवतो, आन् वर शेतात राबत होतो."

आता सासरे होते करकंबचे शेतकरी. दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवणारे. हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. मी ते बोलून दाखवलं असतं तर दोन घटका भांडण झालं असतं आणि संपलं असतं. मला एवढ्यात संपवायचं नव्हतं.

मी पदर सावरून पुढे झाले. "आत्याबाईंच्या अंगात अजून तेवढी ताकद हाय. मला एकटीला जमत न्हाय. ह्या चातुर्मासात त्यांनी माझ्यासंगं नेम धरावा. लेक जेवल्याशिवाय जेवायचं न्हाय, आणि जेवायचं ते सुनेच्या ताटातलंच."

"वा!" काकू म्हणाल्या. "लेकासाठी आईनं एवढं करावंच की!"

दहा बायका बघत होत्या. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पळी उचलली.

पाचव्या दिवसापासून त्या रात्री उठून बसू लागल्या. आठव्या दिवशी ओवा मागितला. मी दिला. ओव्याला नेमाची आडकाठी नव्हती. बाराव्या दिवशी पुराण चालू असताना त्या खांबाला टेकून घोरल्या. त्याच बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "काय हो, सुनेचं याड सासूला लागलं व्हय?" मी त्यांना हलवून जागं केलं नाही. घरी येऊन भिंतीवर त्यांच्या नावाने दुसरी ओळ सुरू केली, त्यांना दिसेल अशी.

सुटका कशी करायची ते मला पाणी सोडतानाच माहीत होतं. नेम होता लेकाच्या आधी न जेवण्याचा. लेकाने कधी आणि कुठे जेवायचं, ते त्यात नव्हतं. नेमाचे शब्द मीच बांधले होते. पण मी तोंड उघडलं नाही.

अठराव्या दिवशी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळे खोल गेलेले. "पोटात लई जळतंय गं. नेम मोडला तर लेकाला बाधंल. काय तरी सुचव की."

"सुचवते," मी म्हटलं. "पण आधी देवळात जाऊन सांगायचं, सुनेला झोपेचं याड न्हवतं. रातच्या जेवणानं तिचं पोट जळत हुतं, म्हणून ती दिवसा पेंगत हुती."

"सगळ्यांपुढं?"

"नळावर सांगितलं तेव्हा सगळेच हुते की."

त्या दिवशी नाही गेल्या. आणखी एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी गेल्या. खाली बघून, पुटपुटत बोलल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, मागं ऐकू जात न्हाय." पुन्हा बोलल्या.

मग मी डबा काढला. सातला जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की तिकडे मालक डबा उघडायचे, आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की इकडे आम्ही दोघी ताटावर बसायचो. आंबील, ताक, ताजी भाकरी. आठवड्याभरात मी मुलांबरोबर नऊला झोपायला लागले. मध्यरात्री मालक आपलं आपण दार ढकलून यायचे, मला पत्ताही लागायचा नाही.

कार्तिकात नेम सुटला. त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आता लेकाला घरात वाढायला हरकत न्हाय."

"न्हाय की," मी म्हटलं. "पुढच्या आषाढात तुमी परत नेम धरणार म्हणून सांगू का काकूंना?"

त्या उठल्या, मोरीत गेल्या आणि उद्याच्या पाळीसाठी डबा राखेने घासायला बसल्या.