बारकीची राहिलेली मॅच

मी आणि माझ्या बायकोनं, हौसानं, मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मॅच बघत मेथी निवडणं. मे महिना संपत आला होता. टीव्हीवर पॅरिसची लाल माती दिसत होती आणि आमच्या दोघांच्या मध्ये पेपरावर मेथीचा ढीग होता. तिसरा सेट तीन-तीनवर आला आणि पंच खाली उतरला. तिकडं अंधार पडला म्हणून मॅच थांबवली. इकडं टोरांटोकडच्या विंडसरला दुपारचे साडेतीन, बाहेर लख्ख ऊन.

हौसा म्हणाली, "ह्यांचा अंधार आत्ताच पडायचा हुता व्हय?" मग देठं गोळा करत म्हणाली, "सकाळी पाचला सुरू हुईल. मला उठवा. तुमी एकटंच बघत बसाल, तुमचा काय नेम न्हाई."

मी म्हटलं, "उठवतो."

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती किचनमध्ये भाजी धुवायला उभी राहिली आणि सिंकपाशीच खाली बसली. बसली म्हणजे पडलीच. मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. अँब्युलन्सची माणसं आली, छाती दाबली, हॉस्पिटलात नेलं. तिथं तासाभरात आमच्या पोराला, आनंदाला, बाजूला घेऊन सांगितलं. ते काय सांगणार हे मला आधीच कळलं होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या पोरांनी मला वही दिली. म्हणाले, काका, देश सोडल्याच्या आठवणी लिहा, अंकात छापू. मी सातवी नापास. पण लिहितोय, कारण हा अंक पोस्टानं शांताकडं जाणार. शांता म्हणजे हौसाची धाकटी बहीण. तिच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक फोटो फ्रेम करून लावलाय. पिठात उमटलेल्या पावलाचा. त्या फोटोबद्दल मला सांगायचंय. तोंडानं सांगायला फोन उचलला की धीर होत नाही, म्हणून लिहितो.

पण ते कळायला आधीचं सांगितलं पाहिजे.

मी तालुक्याच्या गावी जिमखान्यावर मार्कर होतो. मार्कर म्हणजे टेनिसचं कोर्ट राखणारा, आणि साहेबाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळणारा. सदतीस वर्षं ते केलं. कोर्ट मातीचं. मुरूम धुमसायचा, शेण कालवून सारवायचं, लोखंडी रोलर फिरवायचा, वर लाल मातीची चाळलेली पूड पसरायची, मग फक्कीनं रेघा मारायच्या. सारवणं हौसाकडं. झारीनं पाणी मारणंही तिच्याकडं. साहेबलोक शूज घालून यायचे आणि म्हणायचे, वा, काय सरफेस आहे. तो सरफेस माझ्या बायकोनं गुडघ्यावर बसून हातानं केलेला असायचा, आणि तिनं आयुष्यात एकदासुद्धा त्याच्यावर रॅकेट हातात धरून पाय ठेवला नाही. बायकांनी खेळायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं.

मातीवर चेंडू पडला की ठसा राहतो. आत की बाहेर, भांडण झालं की मला हाक मारायचे. मी जायचो, वाकायचो, ठसा बघायचो, सांगायचो. एकदा जिमखान्याच्या फायनलला एका वकीलसाहेबाचा चेंडू बोटभर बाहेर होता. ते माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. मी बाहेर म्हटलं. पुढले सहा महिने मला कोर्टावरून काढून बागेला लावलं. घरी आलो तर हौसा म्हणाली, "बरं केलंसा. ठसा खोटं बोलत न्हाई, मग आपण कशाला बोलायचं?" बाकी कशाचं नाही, पण माझ्या ह्या एका गोष्टीचं तिला फार कौतुक होतं. शांते, तुझ्या लग्नातसुद्धा तिनं हे चारचौघांत सांगितलं होतं, आठवतं का बघ.

आनंदा शिकला, इंजिनियर झाला, गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत इकडं विंडसरला लागला. रिया झाली तेव्हा त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. त्याच उन्हाळ्यात जिमखान्याचं कोर्ट सिमेंटचं करायचं ठरलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी हौसानं कोर्टाला पाणी मारलं. मी म्हटलं, परवा फोडायचंय ते, कशाला मारतेस?  तिनं झारी उलटी करून नळापाशी ठेवली आणि एस.टी.त येऊन बसली.

इकडं आल्यावर पहिला हिवाळा आम्ही खिडकीत बसून काढला. आनंदा आणि सूनबाई स्मिता कामावर. रिया पाळण्यात. बेसमेंटमध्ये आमची खोली. बाहेर बर्फ. आनंदा शोव्हल करायचा, मी काचेतून बघायचो, मला हात लावू द्यायचा नाही, पडाल म्हणायचा. मी सदतीस वर्षं जमीन सारखी करणारा माणूस आणि मला दारासमोरची दहा फूट जागा साफ करायला बंदी. हौसा म्हणायची, "हितं मातीच दिसत न्हाई वो. वर बर्फ, नाहीतर गवत, नाहीतर डांबर. माणसं मरत्यात तर पुरत्यात कुठं?"

मग मे महिन्यात टीव्हीचे चॅनल फिरवता फिरवता ती ओरडली, "आवो, आपलं कोर्ट!"

लाल माती. मी बघतच राहिलो. हौसा टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उकिडवी बसली. म्हणाली, "वीट कुटून घातलीया. सारवत न्हाईत वाटतं." आणि त्या मातीवर एक बुटकी, काळ्या केसांची पोरगी धावत होती. इटलीची. समोरची तिच्यापेक्षा वीतभर उंच, चेंडू असा मारायची की ही दोन पावलं मागं जायची. पण प्रत्येक चेंडू परत. पहिल्याच फेरीत हरली. हरल्यावर बाकड्यावर बसून तिनं मोज्यातली माती झटकली. हौसा म्हणाली, "बघा, घरात माती न्यायची न्हाई म्हणून झटकतीया. चांगल्या घरची हाय."

तिचं आडनाव आम्हाला कधी धड म्हणता आलं नाही. आम्ही तिला बारकी म्हणायचो.

दहा-अकरा वर्षं आम्ही बारकीच्या मागं काढली. दर मे महिन्याला वाट बघायची. पहिली तीन वर्षं पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरायची. चौथ्या वर्षी तिचा हात सुटला. पाचव्या वर्षी पॅरिसला शेवटच्या आठात आली. एका उंच, पहिल्या पाचातल्या पोरीला तिनं तीन तास पळवून दमवून मारलं, तेव्हा हौसानं शिरा केला आणि शेजारच्या चिनी म्हातारीलासुद्धा वाटी नेऊन दिली. म्हातारीला वाटलं आम्हाला नातू झाला. ती लाल कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आली. हौसानं ते घेतलं. म्हणाली, "असूदे, आनंदच हाय."

सातव्या वर्षीच्या उन्हाळ्यात आनंदा आम्हाला चार तास गाडी चालवून टोरांटोला घेऊन गेला, तिला प्रत्यक्ष बघायला. तिथलं कोर्ट पक्कं, निळं. बारकी तासाभरात हरली. चेंडू ती पोचायच्या आतच निघून जायचा. हौसा म्हणाली, "ती मातीतली हाय. हितं तिचं काय चालणार?" 

पण मॅचच्या आधी सरावाच्या कोर्टाला जाळीपाशी आम्ही उभे होतो. बारकी सर्व्हिस करताना तोंड वाकडं करायची. मला दिसत होतं, हौसालाही दिसलं. ती जाळीला तोंड लावून मराठीत म्हणाली, "खांदा दुखतोय व्हय गं? गरम तेल लाव." रियाला लाज वाटली. "आजी, please, she doesn't understand." बारकीनं वळून बघितलं. हौसानं स्वतःचा खांदा चोळून दाखवला. बारकी हसली आणि मान हलवली. बस, एवढंच. पण हौसाला ते मरेपर्यंत पुरलं.

पुढच्याच वर्षी त्या खांद्याचं ऑपरेशन झालं. वर्षभर बारकी कुठं दिसली नाही. आली ती क्रमवारीत दोनशेच्या खाली घसरून. मग कुठल्या कुठल्या लहान गावांत खेळायची, टीव्हीवर दाखवायचे नाहीत. रियानं लॅपटॉपवर शोधून दिलं. चित्र नाही, नुसते आकडे. एका नावापुढं पिवळा ठिपका, म्हणजे तिची सर्व्हिस. आम्ही दोघं बेसमेंटमध्ये त्या ठिपक्याकडं बघत बसायचो. ठिपका इकडून तिकडं गेला की हौसा म्हणायची, "गेला वाटतं गेम." लोक काय काय बघत म्हातारे होतात. आम्ही ठिपका बघत झालो.

हौसालाही तेव्हा छातीत भरून यायचं. बोलायची नाही. जिने चढताना मधल्या पायरीवर थांबायची आणि मी वर बघितलं की पदर सारखा केल्यासारखं करायची. मला दिसत होतं. परक्या पोरीचा खांदा मला लांबून कळला आणि शेजारी झोपणारीची छाती मी चालवून घेतली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो.

मग रिया म्हणाली की बारकीनं जाहीर केलंय, हे तिचं शेवटचं पॅरिस. आणि ती तिसऱ्या सेटात तीन-तीनवर असताना अंधार पडला.

हॉस्पिटलातून आम्ही घरी आलो तर शांताचा फोन आला. रडत होती, पण रडता रडता सांगत होती. "दाजी, जिथं अक्का पडली तिथं पीठ पसरा, दिवा लावा, वर पाटी झाका. सकाळी बघा काय उमटतंय. कुठल्या जन्माला गेली ते कळू दे मला." आपल्याकडं करतातच ते. मी आजवर कधी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही आणि कधी नाही असंही म्हटलं नाही.

पाटी इथं कुठली? धुवायच्या कपड्यांची प्लास्टिकची बास्केट घेतली. दिवा लावला तर प्लास्टिक वितळेल आणि छताचा अलार्म वाजेल म्हणून स्मितानं बॅटरीवरचा लुकलुकणारा दिवा आणला. पीठ मी पसरलं. तांदळाचं. सिंकपुढच्या लादीवर, चार फूट बाय तीन फूट. हातानं पसरलं, मग उलथन्यानं सारखं केलं. सदतीस वर्षांचा हात. इतकं सपाट पीठ कुणी पसरलं नसेल.

सकाळी साडेचारला उठलो. घर झोपलेलं. बास्केट उचलली. चष्मा लावला, टॉर्च घेतली, गुडघे टेकले आणि बघितलं. एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. उजेड तिरपा धरला की मुंगीचं पाऊलसुद्धा दिसतं, हे माझं कामच होतं.

काही नव्हतं. ओरखडा नाही, खळगा नाही. शांते, काहीसुद्धा नव्हतं. जसं पसरलं तसं होतं.

पाच वाजले. मी चहा केला, सवयीनं दोन कप. टीव्ही लावला, आवाज बंद. लोक म्हणाले असतील, बायको जाऊन रात्र उलटली नाही आणि म्हातारा टीव्ही बघतोय. म्हणूद्यात. तिनं पाचला उठवायला सांगितलं होतं.

बारकी पाच-सहानं मागं पडली. शेवटचा चेंडू तिच्या रेघेवर आला. तिनं तो मारला नाही, बाहेर आहे म्हणून सोडला. पंच खुर्चीतून उतरायला लागला. पण तो पोचायच्या आधी ती स्वतः तिथं गेली, वाकून ठसा बघितला, आणि बुटानं पुसून टाकला. आत होता. मॅच गेली. हात मिळवले. मग बाकड्यावर बसून तिनं मोजे झटकले.

मला वाटलं, हौसा आत्ता काहीतरी म्हणेल.

आता मला लोक विचारतात, काका, गावाकडं जायचं का? कुठं जायचं? तिथं सिमेंट झालंय. इथं सिंकपुढची ती चार फूट जागा आहे, तिथं मी अजून पाय ठेवत नाही, बाजूनं हात लांब करून पाणी घेतो. माझं घर म्हणाल तर तेवढंच.

त्या सकाळी मी टीव्ही बंद केला तोवर फोन वाजला. शांता. तिच्या मागं सगळी जमलेली, कुजबुज ऐकू येत होती. "दाजी, उमटलं का काय?" मी पिठापाशी गेलो. "दाजी, सांगा की वो. आमी सगळी बसलोय."

मी म्हटलं, "उमटलं. पाखराचं पाऊल."

पलीकडं सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, "सुटली बाई, उडून गेली." शांता हुंदके देत म्हणाली, "स्मिताला फोटो काढायला सांगा. ईमेल करूद्यात. मला बघायचंय."

स्मिता जिन्यावरून खाली येत होती. पावलं ऐकू येत होती, वरच्या तीन-चार पायऱ्या. मी सिंकपाशी गुडघे टेकले. उजव्या हाताची तीन बोटं फाकवून पिठात टेकवली, आणि मागं अंगठा. उचलली. मग बोटं विजारीला पुसली, कडेला सरकलो आणि तिला म्हटलं, "काढ फोटो."