चालत दहा मिनिटांवरचा फ्लॅट

आटपाडीच्या बाजारात मायाशी डाळिंबाचा सौदा करताना व्यापारी जरा जपूनच बोलतात. एकदा ठरलेल्या शब्दावरून मागं फिरलेल्याला तिनं भर बाजारात असं काही सुनावलं होतं, की पुढचे दोन हंगाम तो तिच्या गाडीकडं फिरकला नव्हता. तीन एकर बाग, ठिबकच्या नळ्या, फवारणी, सासू आणि दोन पोरं, सगळा पसारा तिच्या एकटीच्या अंगावर. नवरा धनाजी अठरा वर्षं केरळात, कन्नूरला. तिथं त्याचं गलाईचं दुकान. जुने दागिने आटवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं हे काम. आटपाडी-खानापूर भागातली माणसं त्यापायी देशभर पांगलेली आहेत. धनाजीच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली, धनाजीनं भट्टी धरली.

तो वर्षातून दोनदा यायचा. खरसुंडीच्या यात्रेला आणि दिवाळीला. आला की आठ-दहा दिवसांत परत, कारण दुकान जास्त दिवस बंद राहिलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जातं. लॉकडाऊनमध्ये तर तो तिकडंच अडकून पडला. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण नवरा-बायको सलग एका छताखाली राहिले ते जास्तीत जास्त बावीस दिवस, विश्वजित झाला तेव्हा.

तो घरी आला, की पोरं कशी शहाण्यासारखी वागायची. सोळा वर्षांची प्रांजल न सांगता पाणी आणून द्यायची. आईशी दिवसातून चार वेळा वाद घालणारा तेरा वर्षांचा विश्वजित बापासमोर नुसतं "व्हय पप्पा", "न्हाई पप्पा" करायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, "माया, पोरांना वळण चांगलं लावलंस गं." मायाला मात्र आतून काहीतरी टोचायचं. पोरं असं वागतात ते घरी पाहुणा आल्यावर, हे तिला कळत होतं.

यंदाच्या मार्चमध्ये धनाजीचा फोन आला.

"माया, मेच्या सुट्टीत समदी हिकडं या. पाच आठवडं. समुद्राच्या काठी फ्लॅट घेतो भाड्यानं."

"आन बाग?"

"बाग ताणावरच असती की तवा. पानी द्यायचं न्हाई, फवारायचं न्हाई. शेजारचा सिद्धूदादा बघंल." मग म्हणाला, "प्रांजलची धावी झाली. आनि दोन वर्षांनी कोन कुठं जाईल, कुनाला ठावं?"

इतकं बोलण्याची त्याला सवय नव्हती. माया लगेच हो म्हणाली.

मग सुरू झाली फ्लॅटची निवड. दर रविवारी दुकान बंद करून धनाजी फ्लॅट बघत हिंडायचा आणि व्हिडिओ कॉल लावायचा. इकडं पडवीत मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून माया, पोरं आणि सासू हरणाबाई दाटीवाटीनं बसायची.

पहिला फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. खाली निळाशार पोहण्याचा तलाव, लिफ्ट, व्यायामाच्या मशिनी. खिडकीतून नुसता समुद्रच समुद्र. विश्वजित उठून नाचायलाच लागला. हरणाबाईंनी पडद्याजवळ डोळे नेले आणि विचारलं, "हितं पाय घसरला तर मानूस घावायचं का?"

"आजी, काच हाय की तितं!"

"काच फुटत न्हाई व्हय?"

आपण यायचं नाही, हे म्हातारीनं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. तिकडं भाकरी मिळत नाही आणि मेंढरंही दिसत नाहीत, मग माणसानं दिवसभर करायचं तरी काय?

दुसरा फ्लॅट अगदी वाळूवर होता. दार उघडलं की पाय वाळूत. पण झोपायची खोली एकच, आणि पोरांसाठी बैठकीत दोन दिवाण.

प्रांजल म्हणाली, "मला खोली पायजे. दार लागनारी."

"पाच आठवड्यासाठी?" माया म्हणाली.

"पाच आठवड्यासाठीच. घरी कुठं हाय मला?"

ते खरं होतं. घरी ती आजीशेजारी झोपायची आणि धान्याच्या कणग्यांच्या खोलीत अभ्यास करायची. तिथं पोत्यांच्या थप्पीवर बसून दहावी दिलेल्या मुलीनं पाच आठवडे एक दार मागितलं, तर चूक काय? मायानं मनात नोंद केली.

चौदाव्या मजल्यावर खोल्या तीन, म्हणजे तोच ठरल्यात जमा होता. पोरं खूश, धनाजी त्याहून खूश. जन्मात पहिल्यांदा पोरांना नेमकं काय हवंय ते आपल्याला सापडलं, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात मायानं सहज विचारलं, "आवं, तितनं दुकान किती लांब?"

"बसनं सव्वा तास. सकाळी सातला निघीन, रात्री धापर्यंत येतोच की."

"मग दुपारी जेवायला?"

धनाजी हळूच म्हणाला, "दुपारचं मी खानावळीत खातो. ह्याचा इचारच केला न्हवता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायानंच फोन लावला. "दुकानाच्या जवळपास काय हाय का बघा. तुमाला दुपारी जेवायला घरी येता आलं पायजे. न्हाई तर आमी हितंच बरं हाय."

"जवळ हाय एक. पर जुना हाय गं. मच्छीमारांच्या होड्या लागत्यात तितं. वास येतो. पोरांना दाखवायची लाजच वाटली मला."

"दाखवा."

दुसरा मजला, पोपडे आलेल्या भिंती, लिफ्ट नाही. दोन खोल्या आणि एक अडगळीची चिंचोळी खोली. तिला दार होतं. पुढं गॅलरी, गॅलरीसमोर नारळाची झाडं, त्यामागं होड्या आणि समुद्र. दुकानापासून चालत दहा मिनिटं.

घरात मोठा भडका उडाला. "पोहायचा तलाव न्हाई, लिफ्ट न्हाई, मग समुद्रावर जायाचं कशाला? माशाचा वास घ्यायला?" विश्वजित दोन वेळा जेवला नाही. मायानं त्याची मनधरणी केली नाही, दटावलंही नाही. तिसऱ्या दिवशी बांधावर बसून तिनं एवढंच सांगितलं, "तुझ्या बापाला तू साडेतेरा वर्षांत किती दिवस बघितलंस, हिशेब कर. तलाव विट्यालाबी हाय." प्रांजलनं आईची बाजू घेतली ती चिंचोळ्या खोलीकडं बघून, पण घेतली.

एप्रिल संपता संपता मिरजेहून रेल्वे पकडली. कन्नूरला उतरल्यावर अंगाला कपडे चिकटले ते चिकटलेच. आटपाडीचं ऊन खरपूस, घाम जागेवर वाळवणारं. इथं हवाच ओली. विश्वजितनं फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं, नाकाला रुमाल लावला आणि गॅलरीत जाऊन फुगून बसला.

पहिला आठवडा बघवत नव्हता. इथंही पाहुणा धनाजीच होता, स्वतःच्या बायकोपोरांत. जेवला की ताट स्वतः विसळायचा. पंखा लावायच्या आधी "लावू का?" विचारायचा. पहाटे चारला उठून अंथरुणाची घडी घालून, कुणाची झोप मोडू नये म्हणून जिन्यात जाऊन बसायचा. दुपारी बरोबर एकला यायचा, पाच मिनिटांत जेवायचा. खानावळीत मागं माणसं उभी असतात, तिथली ही सवय. माया म्हणायची, "सावकाश जेवा की. मागं कोन उभं हाय?" तो हसायचा आणि पुढचा घास तेवढ्याच घाईनं घ्यायचा.

दुसऱ्या आठवड्यात ते घडलं. होड्यांच्या पलीकडं खडकांपाशी पाण्याला ओढ असते, तिकडं जाऊ नका, असं कोळ्यांनी खुणेनं सांगितलं होतं. विश्वजित विहिरीत पोहणारा पोरगा. त्याला वाटलं, पाणी ते पाणी. धनाजी जेवायला येत होता, त्याला रस्त्यावरून दिसलं, पोराचं डोकं खडकांच्या बाजूला खाली-वर होतंय. तो चपलांसकट पाण्यात धावला. दोन कोळ्यांनी दोर फेकला म्हणून दोघंही बाहेर आले.

वाळूवर आल्यावर धनाजीनं पोराच्या कानफटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "अक्कल हाय का रं? मेला असतास!"

विश्वजित ओरडला, "मेलो असतो तर तुमाला कवा कळलं असतं? यात्रेला का दिवाळीला?"

मायानं हे गॅलरीतून ऐकलं. ती धावत खाली पोचेपर्यंत धनाजी ओल्या कपड्यांनी दुकानाकडं चालता झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला नाही. दीड वाजला, दोन वाजले. मायानं डबा भरला आणि विश्वजितच्या हातात दिला. तो जागचा हलला नाही. मग तीही चप्पल घालून निघाली. "चल, मी येते बरोबर."

दुकान म्हणजे गल्लीतलं दहा बाय बाराचं खोपटं. भट्टी धगधगत होती. ॲसिडच्या पिवळसर धुरानं मायाचे डोळे चुरचुरले. धनाजी तोंडाला फडकं बांधून चिमट्यानं मूस धरून उभा होता. त्या मातीच्या वाटीत सोनं वितळलं होतं. माळ्यावर एक फळी, तिच्यावर गुंडाळलेली सतरंजी आणि खिळ्याला दोन शर्ट. अठरा वर्षांचा संसार एवढाच.

विश्वजित फळीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पप्पा, तुमी हितं झोपता?"

"झोपायचो. आता घरी येतो की." धनाजीनं फडकं सोडलं. "काल मी हात उचलाय नको व्हता, बाळा. लय भ्यालो व्हतो."

"मीबी," विश्वजित म्हणाला. मग मूस बघत विचारलं, "आत हात गेला तर?"

"जायाचा न्हाई. लांब हो."

"जरासं बघू द्या की!"

"लांब हो म्हनलं ना!"

"तुमी काय बघूच देत न्हाई!"

माया उंबऱ्यावर डबा घेऊन बसली होती. बाप-लेक तावातावानं बोलत होते आणि तिला मोकळं वाटत होतं. पोरगं बापाशी तसंच भांडत होतं, जसं रोज तिच्याशी भांडायचं.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले, कळलं नाही. दुपारचं जेवण तासभर चालायचं. चिंचोळ्या खोलीचं दार लावून प्रांजल झोपायची, पण संध्याकाळी ते सताड उघडं टाकून बापाला मोबाईलवर मराठीत टाईप करायला शिकवायची, आणि तो चुकला की कपाळावर हात मारून घ्यायची.

जूनमध्ये प्रांजलचा अकरावीचा प्रवेश होता, विट्याच्या कॉलेजात. धनाजी दुकान बंद करून आला. ना यात्रा, ना दिवाळी. मुलीनं कॉमर्स घ्यावं असं त्याचं मत, तिला सायन्सच हवं होतं. फॉर्म भरून झाला तरी दोघांचा वाद विट्याच्या एसटी स्टँडवर चालूच होता.

"तुमाला यातलं काय कळतंय, पप्पा?"

"मला न्हाई कळत? सोळा वर्षांची झालीस आन बापाला शिकवती?"

आटपाडीची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. मायानं ती जाताना पाहिली, पण दोघांना काही सांगितलं नाही. तिनं तीन कप चहा मागवला आणि बाकावर जरा ऐसपैस सरकून बसली.